खांबांवरचे हात

सकाळी सातला आर्जेंताहून निघालो,
तेवीस जण, पेन्शनर मंडळाची बस.
धुकं इतकं की कालवा कुठे नि रस्ता कुठे
ते ड्रायव्हरलाच ठाऊक, आणि तोही नवा.
सेकोंदो माझ्या खांद्यावर घोरत होता,
गळ्यात पक्षी बघायची दुर्बीण.
ओरिएल्लाने उकडलेली अंडी वाटली,
मीठ घरीच विसरली.

रावेन्नात गाईड भेटली, इलेनिया, माझ्या नातीच्या वयाची.
गर्दीत दिसावी म्हणून हातात उंच धरलेला लाकडी डाव.
आम्ही मागून, रश्शातल्या फोडींसारखे.

चाळीस वर्षं मी फरश्या बसवल्या.
न्हाणीघरं, स्वयंपाकघरं, शाळेच्या मुताऱ्या,
एकदा शवागारसुद्धा.
पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबला
की माझा दिवस चांगला.
म्हणून चर्चमध्ये सगळ्यांच्या माना
सोन्याकडे, संतांकडे गेल्या तेव्हा
मी भिंतीच्या पायथ्याशी जाऊन
सेकोंदोची दुर्बीण तिरपी लावली.

वाकडे!
एक तुकडा सपाट असेल तर शपथ.
हा पुढे झुकलेला, तो मागे रेललेला,
सोन्याचे तर सगळेच टपली मारल्यासारखे.
मी असं काम केलं असतं
तर मुकादमाने थापी फेकून मारली असती.
मग बाहेर धुकं विरलं, वरच्या खिडकीतून ऊन आलं,
आणि अख्खी भिंत
मासे एकदम वळावेत तशी
वळली.

इलेनियाने डाव राजवाड्याच्या चित्राकडे नेला.
कमानी, कमानींत पांढरे पडदे, मधे गाठ मारलेले.
"इथे माणसं होती. दरबारातली.
मग राज्य बदललं. देव तोच, पंथ दुसरा.
नव्या बिशपने माणसं काढवली, पडदे बसवून घेतले.
पण खांब बघा."

खांबावर एक हात.
मनगटाच्या जरासा पुढपर्यंत, मग पडदा.
दुसऱ्या खांबावर नुसती बोटं.

मंडळी हसली. आळशी गवंडी, कुणीतरी म्हणालं.
मजुरी बुडवली असेल, ओरिएल्ला म्हणाली.
मी हिशोब करत होतो.
खांबाचा तेवढा भाग उकरून पुन्हा भरायला
किती लागतं? एक दिवस. फार तर दीड.
ज्याने दरबारी इतक्या सफाईने उचकटला,
पडद्याची चुणी नि चुणी बसवली,
त्याला हात दिसला नसेल?

एकोणऐंशी साली लोरिसने मला बोलावलं होतं.
त्याची बायको गेली होती. म्हणजे मेली नव्हती,
फेर्राराला गेली होती, एका दंतवैद्याकडे.
बेसिनमागच्या फरश्या तिने स्वतः रंगवलेल्या,
डाळिंबं, कोंबड्या, कोपऱ्यात तिची अक्षरं.
"सगळं काढ. पांढरं लाव."
लावलं. छिन्नी, हातोडा, दोन दिवस.
तो दारात उभा राहून बघत होता, जेवलासुद्धा नाही.
नळाच्या पाइपामागे एक फरशी राहिली,
तिच्यावर कोंबडीचा एक पाय.

राहिली, म्हणतो मी.
इतकी वर्षं असंच म्हणत आलोय.

दुपारी पियादिना खाल्ली. आणखीही बरंच दाखवलं,
निळ्या छतावरचे तारे वगैरे; सुंदर होतं, पाय दुखत होते.
सेकोंदोने दुर्बीण परत मागितली.
एवढं काय बघत होतास?
"काम," मी म्हणालो.

येताना पुन्हा धुकं. गावाच्या अलीकडे बस मंदावली.
लोरिसचं घर. तो जाऊन अकरा वर्षं झाली,
आत आता मोल्दोव्हाहून आलेलं कुटुंब राहतं म्हणतात.
स्वयंपाकघरात दिवा होता.
बेसिनपाशी कुणीतरी, बाह्या वर सारलेल्या.
पाइप गळला तरच कुणी तिथे वाकून बघणार.
मला नळकाम येत नाही,
कुणाच्या घरी पाणी तुंबावं असं कधी वाटलं नाही.
पण काच पुसून मी बघत राहिलो,
आणि अगदी मनापासून वाटलं,
गळू दे.