जोडून

रबाळ्यात आमच्या पट्ट्याला शुक्रवारी सुट्टी.
कधीकाळी वीज वाटून घ्यायची ठरली तेव्हापासूनची.
वीज आता पुरते, शुक्रवार तसाच राहिला.
शर्वरीच्या बँकेला रविवार,
आणि महिन्यातला दुसरा, चौथा शनिवार.
एकोणीस वर्षांच्या संसारात
आम्ही दोघं एकाच दिवशी घरी असलो
ते बहुतेक कुणीतरी गेलं म्हणून.

डिसेंबरात नवं कॅलेंडर येतं.
त्याची गुंडाळी सरळ व्हायच्या आत
ती पेन्सिल घेऊन बसते.
माझ्या बारा, तिच्या पंधरा.
महाराष्ट्र दिन शुक्रवारी,
गांधी जयंती शुक्रवारी,
नाताळसुद्धा शुक्रवारी.
"तुझे तीन बुडाले," ती म्हणते,
कर्जदाराला सांगावं तशा आवाजात.

पेन्सिल आधी थेट अरुणाचलात जाते,
झिरो नावाच्या गावी, नऊ दिवस.
मग हंपी, सहा.
मग खोडरबर.

भाऊंचा मोतीबिंदू: एक दिवस डाव्याला, एक उजव्याला.
लेकीच्या अकरावीच्या प्रवेशाला दीड.
घणसोलीच्या घराच्या कागदांना एक,
आणि तिथला साहेबच रजेवर होता
म्हणून आणखी एक.
भावकीतल्या लग्नाला दोन.
तापाला दोन, आणि ताप खरा होता.

दिवाळी उलटल्यावर उरल्या अडीच.
अर्धी रजा घेऊन माणूस कुठे जाणार?
फार तर वाशीला, चष्म्याचा नंबर बदलायला.

तरी नोव्हेंबरचा चौथा शनिवार तिने घट्ट धरला.
बदली माणूस दिल्याशिवाय सही नाही, ढमढेरे म्हणाले.
ईस्टरच्या रविवारी मी मस्करेन्हासची पाळी केली होती,
ती त्याने काही न बोलता फेडली.
शुक्रवारी तिची रजा,
शनिवारी माझी, रविवारी माझी.
तीन खर्चल्या
तेव्हा कुठे तीन दिवस एकमेकांना चिकटले.

गुरुवारी साडेदहाला पाळी सुटली.
नेरूळच्या पुलाखाली ती दोन पिशव्या घेऊन उभी.
मेहकरची गाडी सव्वाअकराला आली,
आणि कळंबोली मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं,
आपली सुट्टी अजून सुरूच झालेली नाही.
हा प्रवास कुठल्याच खात्यात नाही.
खालापूरच्या नाक्यावर बारा वाजले.
"झाला बघ शुक्रवार," मी म्हणालो.
ती झोपली होती,
बोटाला शिक्क्याची जांभळी शाई.

लोणारला काठावर उभं केलं
आणि वाटाड्या पोरगा म्हणाला,
आकाशातून दगड पडला, त्याचा हा खड्डा.
कुणी म्हणतं पन्नास हजार वर्षं झाली,
कुणी म्हणतं पाच लाख.
एवढा फरक चालतो इथे!
आमच्या मस्टरला पाच मिनिटं चालत नाहीत.
शर्वरी इतकी हसली
की खालच्या बाभळीतला मोर गप्प झाला.

तळ्याला उग्र वास होता, पाणी हिरवं.
तीन दिवसांत आम्ही फार काही पाहिलं नाही.
दुपारी झोपलो.
एकाच वेळी उठलो.
बुडालेल्या देवळाच्या पायरीवर बसून
पेरू खाल्ले, तिखटमीठ लावून,
आणि पुढच्या वर्षाबद्दल
कुणीही एक शब्द काढला नाही.

सोमवारी पहाटे गाडीने पुन्हा पुलाखाली सोडलं.
ती घरी गेली, मी पिशवीसकट पहिल्या पाळीला.
लॉकरपाशी बूट काढले.
पोराने काठावर दाखवलेला खेळ आठवला.
स्क्रू उचलायचं चुंबक घेतलं,
बूट कागदावर झटकले,
तळव्याला सुकलेला चिखल चुरला
आणि चुंबक वरून फिरवलं.

थोडी माती तशीच पडून राहिली.
थोडी उठली,
काळी, केसांसारखी उभी,
आणि भोंगा वाजेपर्यंत
सोडायला तयार नव्हती.