मुरघास

लायट्रिममध्ये जूनचे सलग तीन दिवस कोरडे मिळाले
तर कुणी चौथा मागत नाही.
कापलं, पालथं घातलं, वाळवलं अर्धंमुर्धं,
आणि तिसऱ्या दुपारी मॅलकीचं यंत्र
फाटकाचा खांब खरवडत आत शिरलं.

मी खड्ड्यावर. ट्रॅक्टर पुढे, ट्रॅक्टर मागे.
ट्रेलर ओतून जायचा, मी दाबत राहायचे.
हवा राहता कामा नये, डिम्फ्ना,
एवढंच सांगून बाबांनी मला
चौदाव्या वर्षी या सीटवर बसवलं होतं.

सातच्या सुमाराला उल्टन आला, डब्लिनहून,
ऑफिसच्या बुटांत.
खाली उतर म्हणाला, बोलायचंय.
कंपनी एकरी बरा भाव देतेय,
सगळ्या उतारावर स्प्रूस लावणार,
तुझे गुडघे तरी वाचतील.
मी काय म्हणाले ते राहू दे.
तेवढ्यात तीन खेपा पडल्या, मऊ, फुगलेल्या,
आणि ट्रॅक्टर नुसताच घुरघुरत उभा.

नंतर वरून कितीही फिरवला तरी
चाकाचा भार खालपर्यंत पोचत नाही.

साडेदहाला उजेड होता अजून.
काळं प्लास्टिक ओढलं, त्यावर टायर.
उल्टननेही फेकले शंभरेक, न बोलता;
एकेका टायरात गेल्या वर्षीचं पाणी,
त्याचा पांढरा शर्ट बघवेना.

जानेवारीत खड्डा उघडला.
वास आला आंबूस, तंबाखूच्या डबीसारखा,
गाई आधीच गजांतून माना काढून.
कापलेली भिंत पिवळसर, घट्ट, थरावर थर,
आणि छातीच्या उंचीवर
या टोकापासून त्या टोकापर्यंत
वीतभर बुरशी, करडी,
हात लावला तर कोमट.

ओळखली मी ती संध्याकाळ.
काट्याने उपसून ढकलगाडीत भरते,
रोज एक फेरी, कधी दोन.

रविवारी त्याचा फोन: कसं मुरलंय?
छान, म्हटलं. मग म्हटलं, वीतभर गेलं.
कुठलं?
मधलं.
बराच वेळ फोनमधून
त्याच्याकडची ट्रामच ऐकू येत राहिली.
मग म्हणाला, त्या शर्टाला अजून वास येतो गं,
तीनदा धुतला.

मी हसले असते, पण तेवढ्यात
नऊशे बारा नंबरच्या गाईने ढकलगाडी उलटी केली,
सांडलेलं हुंगलं,
आणि तोंड फिरवून
चांगल्या थराकडे गेली.