माया

जून लागला की देवळालीगावातल्या माझ्या दुकानात
आठवीची पोरं रांगेनं उभी राहतात.
टेप लावला की मुलगे हळूच टाचा उचलतात,
मुली श्वास धरून खांदे पुढे पाडतात.
मी काही बोलत नाही.
वहीत उचललेल्या टाचांचंच माप लिहिते.

आया दारातूनच सांगतात,
"ताई, माया ठेवा हं, वाढतं अंग आहे."

हर्षाली पगार म्हणाली, बाह्या लांब ठेवा.
ओझरवरून विमान उठतं ना, ते मी चालवणार,
आणि त्याला हात लांब लागतात.
कुणी सांगितलं गं?
कुणी नाही. मला माहितीये.
मागच्या जूनमध्ये ती दातांची डॉक्टर होती,
तेव्हा बाह्या आखूड हव्या होत्या.

मोईन बोललाच नाही.
त्याचा मामा नोटांच्या प्रेसमध्ये आहे,
दिवसभर एकच सही बघतो लाखो वेळा.
पोरानं आरशाकडे पाठ केली
आणि बोटानं हवेत सही केली,
खाली दोन टिंबं. मग न दिसणारं टोपण
नीट लावून खिशात अडकवलं.

दुमडीत चार बोटं कापड अंधारात बसून राहतं.
बाहेरची पँट उन्हानं, साबणानं, बाकावर घासून विटते.
दिवाळीनंतर कधीतरी मी टाके उसवते
तर आतली पट्टी तशीच, गर्द निळी,
ठाण उलगडल्यासारखी.
पोरांना तिची लाज वाटते.
मोजे वर ओढून झाकतात.

विशांत गांगुर्डेची दुमड उसवायला आलीच नाही.
काय होणार रे, विचारलं होतं एकदा.
"उंच," म्हणाला. एवढंच.
ती पँट पुढे धाकट्यानं घातली, तशीच.

परवा आला. अंबडच्या कंपनीत लागलाय, युनिफॉर्म शिवायचा होता.
मी पायाशी वाकले.
टाचा जमिनीला टेकलेल्या, बुटांना ग्रीसचा वास.
सवयीनं तोंडातून गेलं, "माया ठेवू?"
हसला. "आता कुठे वाढतोय, मावशी."
सुट्टे मोजून घेतले, गुरुवारी मिळेल ना विचारलं,
सेकंड शिफ्ट होती, गेला.

रात्री बेतताना खडूची रेघ
चार बोटं खाली सरकली.
कापड त्याचंच होतं.
माझ्याकडे राहून चिंधीच झाली असती.