खिळा

करारात लिहिलंय : भिंतीला खिळा ठोकू नये.
अकरा महिने आम्ही दोघांनी तेवढं पाळलं,
बाकीचं नाही.

हेरंबला जाऊन आज बावीस दिवस.
चपलांच्या रॅकमध्ये त्याच्या कप्प्यात
मी कांदे ठेवलेत. जाळी आहे, बरे राहतात.

पलंग खिडकीशी ओढला,
तर खाली त्याचा एक मोजा
आणि फरशीचा मूळ रंग.

दुपारी मिस्किटाबाईंना फोन केला :
एकच खिळा मारू का?
"टांगणार काय?"
ते ठरवलंच नव्हतं.

ऑर्लेमच्या नाक्यावरचा हार्डवेअरवाला
सुटा एक देईना, पावशेर घ्यावे लागले.
पहिला वाकला.
तिसरा शिरला,
प्लास्टरचा थोडा चुरा माझ्या केसांत.

सध्या त्यावर दोन किल्ल्या आहेत.
दोन्ही माझ्याच.