शेऱ्याचा रकाना

टेप धरायला शिपाई सातगोंडा,
आकडे लिहायला मी.
लांबी एकशे बारा फूट चार इंच.
भिंत सव्वादोन फूट, काळा दगड, चुना.
चुन्यात गूळ आहे, असं गावात सगळे सांगतात:
पेठेतल्या प्रत्येक अडत्यानं एकेक रवा दिला,
हिरडा आजऱ्याच्या रानातून आला,
आणि दोन महिने घाणीचा बैल फिरत राहिला
जिथं आता सायकली लावतात.
दरजांना अजून मुंग्या लागतात.
"गोड हाय न्हवं साहेब, लागणारच की."

छप्पर: सागवानी कैच्या, अकरा.
कौलं मंगळुरी, निम्मी बदललेली,
बदललेल्यांचा लाल जरा उथळ.
दर्शनी भिंतीत घड्याळासाठी गोल कोनाडा.
घड्याळ काही आलं नाही.
पैसे विहिरीत गेले, म्हणजे विहीर खणण्यात,
असा खुलासा हेडमास्तर जठारांनी
नोंदवहीत लिहून ठेवलाय.
कोनाड्यात पारवे.

आग्नेय कोपरा काटकोनात नाही, चार बोटं बाहेर.
तिथं पिंपरण होती.
यंकाप्पा वडारानं ओळंबा धरला,
झाडाकडं बघितलं,
आणि दोरी थोडी सरकवली.
झाड पुढं एका वादळात पडलं.
भिंत अजून त्याला वाट देतेय.
याच खोलीत शिंत्रे मास्तरांनी मला भूमिती शिकवली,
काटकोन नव्वद अंशांचा,
पाठीमागच्या कोपऱ्यात तो नव्हताच.

पत्रक कोल्हापूरहून आलंय, जिल्हा परिषदेचं.
इमारतीचं वय. उरलेलं आयुर्मान.
दुरुस्तीचा खर्च, नव्याच्या तुलनेत किती टक्के.
सर्वांत खाली: निर्लेखनास पात्र, होय किंवा नाही.
निर्लेखन.
शाळेसाठी हा शब्द कुणाला सुचला असेल?

खिडक्या बावीस. सहा मोजल्या.
सातवीपाशी आलो आणि टेप हातातून सुटला,
फटकन आत गेला.

सातवी व्हरांड्यात उघडते.
तिच्या खालचा दगड तेवढा जांभ्याचा,
काळा कमी पडला असेल.
जांभा मऊ, पण इतकाही नाही.
बाहेरच्या बाजूनं त्याला दोन खळगे,
पाव इंच खोल,
मधलं अंतर एका पोराच्या छातीएवढं.
आतून दगड कोरा, कडा धारदार.

आमचा आज्जा तिथं उभं राहणाऱ्यांतला शेवटचा.
तेव्हा खालचे वर्गही इथंच भरत.
तीन वर्षं कोपरं टेकून तो बाराखडी शिकला,
फळा त्याला कडेनं दिसायचा, तिरपा,
म्हणून त्याचं अक्षर जन्मभर डावीकडं कललेलं,
सोसायटीच्या कर्जावरची सहीसुद्धा.
मग दरबारचा हुकूम आला, पोरं आत घेतली.
पहिल्या दिवशी बाकावर बसला
आणि त्याला काही वाचताच येईना.
"समोरनं क बी वळखंना बघ," म्हणायचा, हसायचा.
थोड्या वेळानं म्हणायचा,
"पर सावली हुती."

हे जपावं म्हणून एक हात वर करतो मी,
पाडावं म्हणून दुसरा.
दोन्ही हात वर केलेला माणूस
शरण आल्यासारखा दिसतो.

"साहेब, सातवी लिवली का?"
रुंदी साडेतीन. उंची पाच.
"आणि शेरा?"

शेऱ्याचा रकाना दीड इंच.
सातगोंडा टेप गुंडाळत पुढं गेला तेव्हा
मी कोपरं टेकवून बघितली, बाहेरून.
बसत नाहीत. खळगे लहान आहेत,
वाकावं लागतं, फार वाकावं लागतं.
आत वर्ग रिकामा.
फळा दिसतो, तिरपा.
त्यावर कालची तारीख,
पट बत्तीस,
हजर एकोणतीस.