चौदा सुया

आठवडा असा बेतलेला :
सोमवार-मंगळवार घरी, गोळीबार चौकाच्या मागं.
सासऱ्यांचा माग होता त्या खड्ड्यावर
आता फळ्या टाकल्यात, फळ्यांवर मी.
बुधवारी उमरेड. शुक्रवारी काटोलचा बचत गट,
तिथं आधी चहा, मग पोरींची स्थळं, मग सुई.
गुरुवारी जेल.

लोक विचारतात, इंदूताई, एका वाकळीला दिवस किती?
मी म्हणते, कापडावर आहे बाप्पा, आणि बसवर.
लुगडं मऊ असलं की सुई आपली आपण चालते,
जीन्स आली की बोटाचं भरीत.
पुण्याहून कुणी गेलेल्या वडिलांचे शर्ट पाठवतं,
कुरिअरनं, कडक इस्त्री करून.
इस्त्रीत माणूस सापडत नाही.
मी कॉलरची शिवण उसवते,
आतून घामाची पिवळी रेघ निघते,
ती वरच्या बाजूला घेते.

दिल्लीच्या मेळ्यात माझी वाकळ भिंतीवर टांगली होती,
खाली पाटी : हात लावू नये.
रात्री स्टॉलमागं झोपायचं, डिसेंबरची थंडी;
मी ती काढली, पांघरली,
सकाळी झटकून पुन्हा टांगली.
किमतीत फरक पडला नाही.

धरमपेठेच्या कॉलेजातली पोरं विचारतात,
मॅडम, टाके सारखे यायला हवेत ना?
मी माझे दाखवते.
हे बारीक आहेत तेव्हा कूलरला पाणी होतं.
हे वाकडे, तेव्हा नव्हतं.
इथं गाडी अजनीच्या अलीकडे तासभर उभी राहिली म्हणून दाट.
आणि हा लांब टाका,
इथं मला झोप लागली.
एका पोरानं वहीत लिहून घेतलं.

जेलमध्ये चौदा सुया मोजून मिळतात,
चौदा मोजून परत द्यायच्या.
कात्री नाही. दोरा दातानं तोडायचा.
मागच्या गुरुवारी तेरा भरल्या.
बायांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं,
केस सोडायला लावले, चपला उलट्या केल्या,
अर्धी शिवलेली वाकळ चारदा झटकली.
मंदाची पाच वर्षांची मायना रडायला लागली
तेव्हा तिचाही फ्रॉक झटकला.
मला खुर्ची दिली. पाणी दिलं.
मी पाणी प्याले.

पाऊण तासानं पदर सावरायला गेले
आणि खांद्याला टोचलं.

माझ्याच पदरात होती. लाल दोऱ्यासकट.
सवयीनं खोचलेली, जशी रोज घरी खोचते,
भाजी चिरायला उठताना, दार उघडायला उठताना.
शिपाईण हसली, म्हणाली, होतं असं.
बाया केस बांधत होत्या.
मी माफी मागितली, शब्द नीट आले नाहीत,
बावीस वर्षं शिकवते तरी.
मंदा म्हणाली,
काहून रडून राह्यल्या बाई,
सुई सापडली न.

आज परत गुरुवार.
फाटकाशी मीच दोन्ही हात वर केले,
म्हटलं, पदरही बघा.
आत गेले तर मायनानं
माझ्या बाजूला जागा धरून ठेवलेली,
आणि सुया वाटताना मोठ्यानं मोजल्या,
तेरा, चौदा,
मग माझ्याकडे बोट करून, पंधरा.

सगळ्या हसल्या. मीही.

उद्या काटोल.
सव्वासातची गाडी गणेशपेठेतून सुटते,
चालत्या गाडीत आताशा दोरा ओवता येत नाही,
चष्म्याचा नंबर बदललाय म्हणतात.
कळमेश्वरला गाडी थांबते, ड्रायव्हर चहाला उतरतो,
तेवढ्यात
थुंकी लावून टोक वळायचं,
उजेडाकडे धरायचं.