पितळेचा हिशेब

राजधानीतून मजकूर आला, शिक्क्यासकट:
दूरदृष्टीच्या, कणखर आणि प्रेरणादायी नेतृत्वाबद्दल.
खाली नाव, लामारा ख्विचिया, नगराध्यक्षा.
मी आधी अक्षरं मोजली.
माझा धंदाच तो. पितळेवर अक्षरामागे चाळीस तेत्री,
थडग्याच्या दगडावर साठ,
कारण दगड कुरकुर करतो.
आमच्या लिपीत सरळ रेघ जवळजवळ नाहीच,
सगळी वळणं. हात जरा थरथरला
की प्रेरणेचंसुद्धा वांगं होतं.

संध्याकाळी बाई स्वतःच आल्या दुकानात,
बुटांना गटारातला गाळ.
कागद वाचला, नाकाशी धरून.
माझ्या कानावरची पेन्सिल काढून घेतली
आणि दूरदृष्टी खोडली.
"मला जवळचंही धड दिसत नाही, वालेरियान."
मग कणखर गेलं.
प्रेरणादायीपाशी थांबल्या.
मला वाटलं, एवढं तरी ठेवतील.
तेही गेलं.
"किती वाचले?"
"बारा लारी."
"आणि पत्रा?"

पत्रा कशाला हवा ते मला विचारावं लागलं नाही.

फेब्रुवारीत वरच्या आळीत शुशानाची छाती दुखू लागली.
रुग्णवाहिका आली. वेळेवर आली, हे खरं.
ड्रायव्हर बाद्रीला सांगितलं होतं, अक्रोडाच्या झाडाशेजारचं घर.
वरच्या आळीत अक्रोडाची झाडं अकरा.
बर्फात, हेडलाइटच्या उजेडात,
तो एकेका झाडाला विचारत फिरला.
शुशानाचं झाड नववं.

माझी धाकटी बहीण.
तिचा दगड मीच कोरला. पैसे कुणाकडून घेणार?

बाई दर महिन्याला चौकात खुर्चीवर उभ्या राहतात,
पालिकेचा जमाखर्च मोठ्याने वाचतात.
खुर्ची मासेवाल्याची, म्हणून समोर नेहमी दोन-चार मांजरं,
आणि ऐकायला फार तर तितकीच माणसं.
मार्चमध्ये चौक भरला होता.
बाईंनी वही उघडलीच नाही.
"घरांना क्रमांक देण्याचा ठराव
सहा वर्षं पुढे ढकलला गेला," म्हणाल्या.
मग थांबल्या, वाक्य दुरुस्त केलं:
"मी ढकलला."

कुणी ओरडलं नाही. टाळी तर नाहीच.
रिओनीचा आवाज तेवढा खालून येत होता.
माझ्या मुठीत एक गोटा होता, नदीतला, हातात बसेल असा.
कुणाला सांगितलेलं नाही हे.
तो मी खिशात टाकला.
अजून त्याच कोटात आहे, अस्तर फाटलंय त्याच्या वजनाने.

तर पाटी झाली पोस्टकार्डाएवढी.
समारंभाला राजधानीचे पाहुणे आले, तिघे, कोरड्या बुटांचे.
त्यांनी ती उलटून पाहिली,
बाकीची मागे असेल म्हणून.
बाई चष्मा घरी विसरल्या होत्या.
नाव आणि वर्ष, एवढंच तर वाचायचं होतं.
ते त्यांनी पाठ म्हटल्यासारखं म्हटलं आणि खाली उतरल्या,
कारण पंपाचा वॉल्व बसवायला माणूस येऊन थांबला होता.
आता पाटी पालिकेच्या बोळात आहे, दाराच्या मागे.
दार उघडलं की दिसत नाही.
दार दिवसभर उघडंच असतं.

उरलेल्या पितळेतून क्रमांक कापले, वरच्या आळीचे.
पुरले नाहीत. शेवटचे चौदा
जुन्या समोवारच्या पोटातून काढले,
म्हणून ते किंचित फुगीर आहेत.
शुशानाचं घर बंद. यादीत ते नसेल असं धरून
मी पुढे चाललो होतो. होतं. एकतीस.
बाईंच्या अक्षरात, ज्याला वळण म्हणून नाही.
खिळे ठोकताना मी दोनदा अंगठा चेचला.

काल रात्री रुग्णवाहिका वर गेली.
अंथरुणात पडल्या पडल्या मी इंजिनाचा आवाज धरून होतो.
चढ. वळण. दुसरं वळण.
बाद्रीने कुठेही काच खाली केली नाही,
कुणाला हाक मारली नाही.
एका दारापाशी आवाज थांबला,
आणि कुणीतरी आतून दिवा लावला.